पायातली स्प्रिंग नंतर बघा, आधी क्लच बघा: बिनबॅटरीच्या एक्सोस्केलेटनचं परीक्षण

पायाला बांधायच्या बिनबॅटरीच्या एक्सोस्केलेटनची, म्हणजे चालताना हातभार लावणाऱ्या बाहेरच्या सांगाड्याची, जाहिरात उघडलीत तर चकचकीत स्प्रिंग पुढे मिरवत असते आणि क्लच कुठेतरी झाकणाखाली दडलेला असतो. पैसे मात्र मोजायचे ते क्लचचे. स्प्रिंग हा सुटा माल आहे, हव्या त्या कडकपणाची करून मिळते. ती पावलाच्या कोणत्या क्षणी पायाला जोडायची आणि कोणत्या क्षणी सोडायची, हे ज्यांना जमलं त्यांचं साधन पायात राहतं. बाकीची कपाटात जातात.

इथे घोटा, गुडघा, कंबर आणि 'अंगावरची खुर्ची' अशा चारही तऱ्हा याच कसोटीवर पाहिल्या आहेत. सगळ्यात जास्त जागा घोट्याला दिली आहे, कारण क्लचची खरी परीक्षा तिथेच होते. मोटरवाली साधनं तुलनेपुरतीच येतील.

क्लचची गरज काही आज कळलेली नाही. १८९० मध्ये रशियातल्या निकोलस यागन यांनी चालणं, धावणं आणि उड्या मारणं सोपं करणाऱ्या साधनाचं अमेरिकन पेटंट घेतलं. त्यात पायाला समांतर अशी लांब, धनुष्याकृती पट्टीची स्प्रिंग होती. पाऊल टेकलं की स्प्रिंगने अंगाचा भार घ्यायचा, पाऊल उचललं की सुटून पाय मोकळा वाकू द्यायचा, अशी मांडणी. ते बांधून यशस्वीपणे चालवल्याची नोंद नाही, पण घोडं कुठे अडतं हे यागनना नेमकं ठाऊक होतं.

मोजून दाखवलेलं यश यायला २०१५ उजाडलं. कार्नेगी मेलन आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेट या विद्यापीठांतले स्टीव्हन कॉलिन्स, ब्रूस विगिन आणि ग्रेगरी सॉविकी यांनी घोट्याचं एक साधन 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध केलं. सपाटीवर सेकंदाला १.२५ मीटर, म्हणजे ताशी साडेचार किलोमीटर वेगाने चालताना नऊ निरोगी माणसांच्या शरीराचा ऊर्जाखर्च सरासरी ७.२ टक्क्यांनी उतरला. साधनाचं वजन दर पायाला ४०८ ते ५०३ ग्रॅम, आणि त्यातला क्लच अवघा ५७ ग्रॅमचा. मोटर नाही, बॅटरी नाही. फायदा किती म्हणाल, तर पाठीवरची साडेचार किलोची सॅक उतरवल्याइतका.

हा आकडा डोक्यात ठेवूनच दुकानात शिरा. याच्या दुप्पट-तिप्पट बचत कुणी सांगत असेल तर कोणत्या वेगाला, कोणत्या चढावर आणि कशाच्या तुलनेत, असे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्या प्रश्नावर बरेचसे गडबडतात. सांगाडा अंगावर आहे पण स्प्रिंग सुटी आहे, अशा चालण्याशी तुलना केली की आकडा आपोआप फुगतो, कारण नुसता सांगाडा वागवण्यानेच खर्च आधी वाढलेला असतो. तुलना रोजच्या बुटांशी हवी.

बॅटरी नसताना ही बचत येते कुठून, ही शंका रास्त आहे. चालताना पाऊल जमिनीवर असतं तेव्हा पोटरीचा स्नायू मुख्यतः ताण धरून ठेवतो. त्याची लांबी फारशी बदलत नाही. ताणला जातो तो टाचेकडचा अकिलीस टेंडन, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी शीर. पण नुसता ताण धरून ठेवायलाही स्नायूला इंधन लागतं आणि स्प्रिंगला लागत नाही. पोटरीला समांतर स्प्रिंग लावली की ताणाचा काही वाटा ती उचलते. घोट्यावरचा एकूण टॉर्क (सांधा वळवणारा जोर) साधारण तेवढाच राहतो, स्नायूच्या वाट्याचा कमी होतो.

एका पावलात क्लच काय करतो

घोट्याच्या साधनात टाचेमागून एक दोरी वर जाते, तिच्यात स्प्रिंग असते आणि वरचं टोक पोटरीमागच्या लहान पुलीवर गुंडाळलेलं असतं. पुलीला रॅचेटचे दाते आणि त्यात बसणारा खटका. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतो तसाच, फक्त इथे तो हवा तेव्हा दातांतून बाहेरही काढता येतो. पुलीवरच्या दोन पिना खटक्याला ढकलतात: एक दातात बसवते, दुसरी बाहेर काढते.

पाऊल टेकायच्या सुमारास घोटा वर वळलेला असतो, तेव्हा पहिली पिन खटका बसवते. टाच टेकल्यावर पाऊल थोडं खाली झुकतं. या वेळी दोरी सैल पडते आणि पुलीतली हलकी स्प्रिंग ती सैल दोरी गुंडाळून घेते. रॅचेट एका दिशेला फिरू देतं म्हणून हे जमतं. मग नडगी पुढे झुकू लागते, दोरी ओढली जाते, पुली उलटी फिरू पाहते पण खटका तिला अडवतो, आणि ताण थेट मुख्य स्प्रिंगवर येतो. चवड्याने रेटा देताना स्प्रिंग आखडून तीच ऊर्जा परत करते. घोटा आणखी खाली गेला, स्प्रिंग सैल झाली, की दुसरी पिन खटका बाहेर काढते. पाय हवेत जातो तेव्हा घोट्याला पुन्हा वर यायचं असतं, आणि आता दोरी त्याला अडवत नाही.

शेवटच्या पायरीला सगळं गाडं अडतं. खटका सुटला नाही तर स्प्रिंग टाच वर ओढून धरते, चवडा खाली लोंबतो आणि जमिनीला घासतो. चालताना चवडा जमिनीच्या जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वरून जातो, त्यामुळे थोडंसं चुकलं तरी माणूस अडखळतो. उलट, खटका स्प्रिंग ताणलेली असतानाच सुटला तर साठवलेली ऊर्जा एका झटक्यात वाया जाते, पुली खाडकन फिरते आणि दात्यांची टोकं घासत जातात. ताणाखाली असलेला खटका ओढून काढायला घर्षणामुळे जोरही जास्त लागतो. म्हणून सुटायची पिन स्प्रिंग सैल पडल्यानंतर लगेच, पण पाय उचलण्याआधी, अशा अरुंद फटीत बसवावी लागते. ही पिन हलवता येत नसेल तर ते साधन घेऊ नका. प्रत्येकाची चाल वेगळी असते आणि कारखान्यात बसवलेली एकच जागा सगळ्यांना चालत नाही.

आकडे बघा, कडकपणा समजेल

२०१५ च्या प्रयोगात १३० ते ४०० न्यूटन-मीटर प्रति रेडियन (घोटा ठरावीक कोनात वळवायला किती टॉर्क लागतो, याचं माप) या टप्प्यातल्या स्प्रिंग लावून पाहिल्या. सर्वांत जास्त बचत १८० ला मिळाली. त्याहून कडक केली की फायदा घटत गेला. कडक म्हणजे चांगली हा समज इथेच गळून पडतो, तरी वर्णनात 'अतिशक्तिशाली' लिहिलेल्या स्प्रिंगकडेच हात जातो.

१८० चा अर्थ हातात पकडता यावा म्हणून एक साधा हिशेब. घोट्याच्या अक्षापासून दोरी ८ सेंटिमीटर मागे आहे असं धरा. नडगी १० अंश पुढे झुकली की टॉर्क साधारण ३१ न्यूटन-मीटर, दोरीवर ताण सुमारे ३९० न्यूटन, म्हणजे ४० किलो टांगल्याइतका. स्प्रिंग ताणली जाते १४ मिलिमीटर आणि साठते पावणेतीन ज्यूल ऊर्जा. स्प्रिंगच्या सरळ मापात हे दर मिलिमीटरला २८ न्यूटन होतं. विक्रेत्याने कडकपणा फक्त न्यूटन-प्रति-मिलिमीटरमध्ये दिला असेल तर दोरीचं अक्षापासूनचं अंतर विचारून घ्या, कारण ते वर्गाने मोजायचं असतं. तीच स्प्रिंग ८ ऐवजी १० सेंटिमीटरवर लावली की घोट्याला दीडपटीहून जास्त कडक लागते.

याच हिशेबातून दात्यांची संख्याही कळते. पुलीची त्रिज्या १५ मिलिमीटर आणि दाते ४० असतील तर एक दाता म्हणजे दोरीची २.४ मिलिमीटर, म्हणजे घोट्याचे पावणेदोन अंश. खटका दुर्दैवाने एक दाता मागे बसला तर दहातले एवढे अंश फुकट गेले, आणि ऊर्जा वर्गाने घटते म्हणून साठवण जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी. मधूनच एखादं पाऊल 'पोकळ' वाटतं ते यामुळे. बारीक दाते लावावेत तर प्रत्येक दाता नाजूक होतो आणि धूळ अडकली की खटका पूर्ण बसत नाही. दोन खटके अर्ध्या दात्याच्या फरकाने बसवणं हा चांगला तोडगा आहे. झाकण उघडल्यावर दोन खटके दिसले तर बनवणाऱ्याने विचार केलाय असं समजा.

रॅचेट सोडून दुसरे क्लच

गुंडाळलेल्या स्प्रिंगचा क्लच दाते नसल्यामुळे कुठल्याही कोनात धरतो आणि आवाज करत नाही. पण सुटतो तेव्हाही थोडा घासत राहतो, आणि तेल किंवा घाम आत गेला की घसरतो. घसरतो तेही नेमका जास्त भाराखाली. बंद डबीत नसेल तर टाळा.

घर्षणावर चालणाऱ्यांत सर्वांत हुशार रचना बुटाच्या आतली. तळव्याखाली एक सरकती पट्टी असते, अंगाच्या भाराने ती दाबली जाते आणि धरली जाते. पाय उचलला की भार गेला, पट्टी मोकळी. व्हँडरबिल्ट विद्यापीठात २०१९ मध्ये कपड्यांखाली लपणारं घोट्याचं साधन याच तत्त्वावर केलं गेलं. पिना जुळवण्याची कटकटच नाही, कारण पाऊल जमिनीवर आहे की नाही हे भारच सांगतो. त्रुटीही तिथेच आहे: ओला बूट, मोज्याचा घसरता कपडा, किंवा पावलाच्या कडेवर चालण्याची सवय असेल तर पकड दर पावलाला वेगळी मिळते.

स्थिरविजेवर चिकटणाऱ्या पातळ पत्र्यांचे क्लच वजनाला कागदासारखे आणि वीज नाममात्र खाणारे. प्रयोगशाळेत त्यांचं कौतुक योग्यच आहे. पण त्यांना विजेचा उच्च दाब लागतो, दमट हवा सोसत नाही, आणि अंगावर घाम येणारच. रोजच्या वापरासाठी अजून थांबा.

सांगाडा आणि बूट

दोरी टाच वर ओढते तेव्हा तितक्याच जोराने पोटरीवरची चौकट खाली ओढते. ४० किलोच्या ओढीला नुसता वेल्क्रोचा पट्टा काय टिकणार? बाजूच्या दांड्या आणि घोट्याशी बिजागरी असलेल्या साधनात ही खालची ओढ दांड्यांतून बुटात उतरते आणि पोटरीला फक्त मागे-पुढे दाब बसतो. बिजागरी नसलेल्या मऊ साधनात सगळी ओढ कातडीवर येते. म्हणून मऊ साधनात स्प्रिंग मऊच ठेवावी लागते आणि पोटरीचा पट्टा फुगीर भागाच्या वर, गुडघ्याखालच्या निमुळत्या जागी बसावा लागतो. पट्टा घसरला की दोरी सैल, दोरी सैल की स्प्रिंग उशिरा लागते. साधन कमजोर झालंय असं वाटून लोक स्प्रिंग कडक करतात आणि पट्टा आणखी घसरतो.

बिजागरीचा अक्ष घोट्याच्या हाडांच्या टोकांशी जुळायला हवा. बाहेरचं हाड आतल्यापेक्षा खाली आणि थोडं मागे असतं, त्यामुळे दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर खिळलेली बिजागरी दिसायला नीटनेटकी पण पायात रुसणारी. अक्ष चुकला की दर पावलाला चौकट वर-खाली सरकते आणि नडगीच्या हाडावर लाल पट्टा उमटतो. बूट काढल्यावर अर्ध्या तासात जी लाली जात नाही ती चालवून घ्यायची नाही.

बुटाची टाच कडक हवी, टाचेमागचा भागही कडक हवा. जाड मऊ तळव्याच्या बुटात स्प्रिंगआधी तळवाच दबतो आणि पहिले काही अंश तिथेच मुरतात.

बसवण्याची पद्धत

आधी स्प्रिंगशिवाय, नुसता सांगाडा घालून चाला. इथेच काही टोचत असेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही. मग उभं राहून नडगी सरळ ठेवा, खटका बसवा आणि दोरी अशी आखडा की ती सैल नाही आणि ओढतही नाही. पहिली स्प्रिंग ठरवलेल्याच्या निम्म्या कडकपणाची. बसवायची पिन लावा, सोडायची पिन मुद्दाम लवकर सुटेल अशी ठेवा. पडण्यापेक्षा झटका परवडला. सपाट जागेवर, बाजूला धरायला काहीतरी असताना, नेहमीच्या वेगाने चाला आणि पिन थोडी थोडी उशिराकडे न्या, रेट्याच्या वेळचा झटका जाईपर्यंत. तिथून चवडा घासायला लागण्याआधी थांबा. मग स्प्रिंग बदला.

चालताना काय जाणवतं त्यावरून दोष ओळखता येतो. रेट्याच्या वेळी झटका आणि मोठा खट्ट आवाज म्हणजे सुटका लवकर. चवडा घासतो म्हणजे सुटका उशिरा किंवा खटक्यात घाण. गुडघा मागे ढकलला जातोय, म्हणजे स्प्रिंग जास्त कडक. नडगीला पुढे झुकू न देणारी प्रत्येक गोष्ट गुडघ्याला मागे रेटते. नडगीच्या पुढच्या स्नायूत दुखतंय, तेही बहुधा कडक स्प्रिंगचंच लक्षण, कारण पाऊल वर ओढणारा तो स्नायू आता स्प्रिंगशी झगडतोय. आळीपाळीने एक पाऊल भरलेलं, एक पोकळ वाटत असेल तर दाते मोजा.

पहिल्या दहा मिनिटांत निकाल देऊ नका. घोट्याच्या मोटरवाल्या साधनांवर २०२१ मध्ये झालेल्या अभ्यासात नवख्यांना सराईत व्हायला सुमारे १०९ मिनिटं मदतीसह चालावं लागलं. स्प्रिंगच्या साधनात शरीराला वेगळं शिकावं लागतं, पण पोटरीला ढिली पडायला वेळ द्यावा लागतो हे तेच. दुकानात दोन फेऱ्या मारून घेतलेलं मत कुचकामी.

कुठे वापरू नये

जिने आणि उकिडवं बसणं. पिनांचा क्लच घोट्याच्या कोनावर चालतो आणि सपाटीवरचा क्रम गृहीत धरतो. जिना उतरताना आधी चवडा टेकतो, कोनाचा क्रम बदलतो आणि खटका भलत्या वेळी बसतो किंवा बसतच नाही. उकिडवं बसताना तर धोकाच: खटका बसलेला असताना घोटा ३० अंश झुकला तर वरच्याच हिशेबाने ९४ न्यूटन-मीटर टॉर्क आणि दोरीवर जवळजवळ १२०० न्यूटन. स्प्रिंग कायमची लांब होते किंवा दोरीची गाठ सुटते. चांगल्या साधनात यासाठी ठरावीक ताणावर घसरणारी पकड किंवा मुद्दाम कमजोर ठेवलेला, तुटला तर सहज बदलता येणारा दुवा असतो. शिवाय हाताने खटका काढायची कळ हवी, तीही वाकल्याशिवाय हाताशी येणारी.

पळण्यासाठी घोट्याची स्प्रिंग घेऊ नका. २०२० मधल्या एका प्रयोगात घोट्याच्या साधनाकडून आधी स्प्रिंगसारखी आणि मग मोटरची मदत देऊन पाहिली. मोटरच्या मदतीने साध्या बुटांपेक्षा खर्च १४.६ टक्क्यांनी कमी झाला. स्प्रिंगसारख्या मदतीने तो साध्या बुटांपेक्षा ११.१ टक्क्यांनी वाढला. साधन पायाच्या खालच्या टोकाला असतं आणि पळताना त्या टोकाचं वजन फार महाग पडतं. दर बुटामागे १०० ग्रॅम वाढले की धावण्याचा खर्च साधारण एका टक्क्याने वाढतो.

तळव्याला बधिरपणा असलेल्यांनी, पायावर जखम असलेल्यांनी यातलं काहीही स्वतःहून चढवू नये. दाब कुठे बसतोय ते कळतच नाही.

गुडघा

गुडघ्याला क्लच जास्त लागतो आणि तिथे तो बसवणं जास्त अवघड. टाच टेकल्यावर गुडघा १५-२० अंश वाकून पुन्हा सरळ होतो, इथे स्प्रिंग उपयोगी. पाय हवेत गेल्यावर तोच गुडघा ६० अंशांच्या आसपास वाकायला हवा, इथे तीच स्प्रिंग शत्रू. सुटली नाही तर माणूस पाय बाहेरून फिरवून टाकतो आणि कंबर दुखते. पाऊल टेकल्यावर गुडघा धरणारे आणि उचलल्यावर सोडणारे ऑर्थोसिस (सांध्याला आधार देणारे पट्टे-सांगाडे) दवाखान्यात मिळतात, पण बहुतेक यांत्रिक नमुन्यांत कुलूप सुटण्यासाठी गुडघा क्षणभर सरळ ताणावा लागतो, भार उतरावा लागतो. तोच ताणाखालचा खटका, फक्त मांडीवर. हे जमेल असाच रुग्ण हवा आणि बसवणारा ऑर्थोटिस्टच, म्हणजे अशा साधनांचा तज्ज्ञच, हवा.

कॅनडातल्या स्प्रिंग लोडेड टेक्नॉलॉजीचा 'लेव्हिटेशन' ब्रेस वेगळ्या वाटेने जातो. बिजागरीत द्रवाची स्प्रिंग आहे: दाबला जाणारा द्रव गुडघा वाकताना ऊर्जा साठवतो आणि सरळ होताना परत देतो. पावलापावलाला सुटणारा क्लच नाही, मदत चालू-बंद करायची सोय आहे. खुर्चीतून उठणं, जिना, वाकून काम यांसाठी ही रचना योग्य. लांब सपाट चालीसाठी मात्र ती बंद ठेवलेली बरी.

कंबर

इथे गंमत आहे. एक मांडी पुढे जाते तेव्हा दुसरी मागे, त्यामुळे दोन्ही मांड्यांना एकच स्प्रिंग जोडली की ती आपोआप योग्य वेळी ताणते आणि सुटते. क्लचच नको! इराणी संशोधकांनी २०१८ मध्ये अशा साधनाने सेकंदाला २.५ मीटर वेगाने धावताना ८ टक्के बचत दाखवली. स्टॅनफर्डमध्ये २०१९ साली तर दोन बुटांमध्ये रबराची नळी बांधून सेकंदाला २.६७ मीटर वेगाला ६.४ टक्के मिळाले. वजन नगण्य, तेही कमरेजवळ किंवा जवळपास नाहीच. धावणाऱ्याला काही सुचवायचंच तर कमरेचं साधन. बुटांमधली नळी ट्रेडमिलवर ठीक. बाहेर एखादं झुडूप मध्ये आलं की तोंडावर आपटाल.

अंगावरची खुर्ची

'चेअरलेस चेअर' हे स्विस नूनी कंपनीचं साधन, ऑडीने २०१५ मध्ये कारखान्यात चाचणीसाठी घेतलेलं. पायामागे दांड्या, गुडघ्याशी हव्या त्या कोनात धरणारा डँपर (हालचाल रोखणारा दट्ट्या). जपानचं 'आर्केलिस' शल्यविशारदांना तासन्‌तास उभं राहता यावं म्हणून केलेलं, विजेशिवाय चालणारं. यांना चालण्याच्या बचतीच्या मापाने तोलणं चूक आहे, यांचं काम धरून ठेवणं. बघायची गोष्ट एकच: आधाराचे टेकू टाचेच्या किती मागे टेकतात. उंच बसलात आणि मागे रेललात की वजन टेकूच्या पलीकडे जातं आणि खुर्ची मागे कलंडते. पुढे वाकून करायच्या कामात ती स्थिर, डोक्यावर हात नेऊन करायच्या कामात भरवशाची नाही. दिवसाचा अर्धा वेळ चालण्यात जात असेल तर दोन-तीन किलो उगाच पायांत.

ओझं वाहण्याच्या साधनांबद्दल एकच सांगण्यासारखं. एमआयटीच्या २००७ च्या साधनात कमरेला स्प्रिंग, गुडघ्याला बदलता डँपर आणि घोट्याला कार्बनची पट्टी होती. ३६ किलो ओझ्याचा सुमारे ८० टक्के भार ते जमिनीवर उतरवत होतं, आणि तरी चालणाऱ्याचा ऊर्जाखर्च १० टक्क्यांनी वाढला. 'भार जमिनीवर जातो' हे वाक्य खरं असूनही पाय थकू शकतात.

देखभाल

रोज दहा हजार पावलं म्हणजे दर पायाला पाच हजार ताण. दोनशे दिवसांत दहा लाख. ओढीच्या स्प्रिंग मोडतात त्या बहुतेक वेळा टोकाच्या हुकापाशी, वळण सुरू होतं तिथे. बारीक आडवी रेघ दिसली की स्प्रिंग बाद. दाबाची स्प्रिंग आत दांडी घालून ओढीला वापरणारी रचना थोडी जड, पण तुटली तरी तुकडे जागेवर राहतात आणि दोरी सुटत नाही. रबराची स्प्रिंग हलकी. ती परत देताना उष्णतेत जास्त गमावते आणि उन्हाने म्हातारी होते.

डायनीमा या कृत्रिम धाग्याची दोरी मजबूत, पण गाठ मारली की निम्मी ताकद गेली. टोकाला विणलेला फासा हवा. सतत ताणाखाली ती हळूहळू लांबते, म्हणून साधन काढून ठेवताना खटका सोडून ठेवा आणि दोरीची लांबी मधूनमधून तपासा, विशेषतः नवी असताना.

रॅचेटला ग्रीस लावायचं नाही. ग्रीस धूळ धरतं, खटक्याची हलकी स्प्रिंग त्या चिखलातून त्याला पूर्ण खाली बसवू शकत नाही, खटका दात्याच्या टोकावर अडकतो आणि भार आला की घसरतो. कोरडा टूथब्रश आणि ग्रॅफाइट पुरे. दात्यांची टोकं चमकायला लागली असतील तर सुटकेची पिन आधी तपासा आणि मगच नवं चाक मागवा, नाहीतर नवंही तसंच झिजेल. विकत घेतानाच खटका, खटक्याची स्प्रिंग, दोरी आणि दोन वेगळ्या कडकपणाच्या मुख्य स्प्रिंग सुट्या मिळतात का ते विचारा. डबी रिव्हेट मारून बंद केलेली असेल आणि सुटे भाग मिळत नसतील, तर बाकी सगळं उत्तम असलं तरी ते साधन परत ठेवा.